उजेड हवा, ऊन नको

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी अदृश्य अवरक्त किरणांतून येते. साधी काच प्रकाशाबरोबर हे किरणही आत सोडते व खोली तापते. पडदा ओढावा तर उजेडही जातो. यावर उपाय म्हणजे काचेवरील चांदीचा लेप. सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा हा थर बहुतेक प्रकाश आत येऊ देतो, अवरक्त किरण मात्र मोठ्या प्रमाणात परतवतो. चांदी हवेने काळवंडते, म्हणून तो दोन काचांच्या मध्ये बंदिस्त ठेवतात.

यासाठी जुन्या काचा टाकाव्याच लागतात असे मात्र नाही. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये २०१० साली इमारतीतच कार्यशाळा थाटून ६,५१४ खिडक्यांच्या जुन्या दुहेरी काचांमध्ये लेप दिलेली पातळ फिल्म बसविण्यात आली. काटकसर म्हणजे नवी खरेदीच नव्हे. असलेले सुधारणे हीसुद्धा काटकसरच होय.