संगणक कसा चालतो? : मुलांना शिकवण्याजोगा एक पाठ

पुण्यातील कोथरूड भागात मेट्रो रेल्वेचे वनाज नावाचे स्थानक आहे. तेथून गरवारे महाविद्यालयापर्यंत गाडी ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. उतारूने तिकिटावरील काळ्यापांढऱ्या चौकटींची नक्षी दारापाशी असलेल्या काचेपुढे धरली म्हणजे दार आपोआप उघडते. खेड्यातून आलेले मूल हे पाहून सहजच विचारते, "आत कोण बसले आहे?" "आत संगणक आहे" एवढेच सांगून त्यास गप्प बसवणे म्हणजे एका कोड्याच्या जागी दुसरे कोडे ठेवणे होय. म्हणून यंत्र हाताशी नसतानाही आमच्या उपदेशक बंधूंना व शिक्षकांना देता येईल असा पाठ आम्ही येथे मांडतो.

पहिली गोष्ट ही की, संगणकास दोनच खुणा कळतात: वीज आहे, अथवा वीज नाही. दोन खुणांनी काय होणार, असे कोणी म्हणेल. परंतु कविता शिकताना मुले लघु व गुरु या दोनच खुणा योजतात, आणि तीन अक्षरांत त्यांची मांडणी आठ प्रकारे होते. तेच आपले आठ गण. एक अक्षर वाढवले की प्रकार दुप्पट होतात. आठ अक्षरे घेतली तर २५६ प्रकार मिळतात.

आता बारा मुले एका ओळीत बसवावी. उजवीकडच्या पहिल्या मुलाची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, अशी प्रत्येकाची किंमत मागच्याच्या दुप्पट धरावी. उजवीकडून पहिले, तिसरे, पाचवे, नववे व बारावे मूल उभे करावे. उभ्या मुलांच्या किमती १, ४, १६, २५६ व २०४८ होतात. त्यांची बेरीज २३२५. सर्व जगातील लिप्यांसाठी ठरवलेल्या संकेतात आपल्या "क" या अक्षराचा हाच क्रमांक आहे. संगणकात उभ्या-बसलेल्या मुलांचे काम विजेच्या सूक्ष्म कळा करतात. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या नखाएवढ्या तुकड्यावर अशा कोट्यवधी कळा मावतात.

दुसरी गोष्ट आज्ञेची. एका मुलाचे डोळे बांधून त्यास सांगावे की, "पुढे", "डावीकडे", "थांब" एवढ्याच आज्ञा पाळ. आज्ञा देणारा "थांब" म्हणण्यास विसरला तर ते मूल भिंतीपर्यंत जाईल. संगणक असाच आहे. वनाजच्या दारास दिलेल्या आज्ञा थोडक्यात अशा: नक्षीतील काळेपांढरे वाच, त्याचा अंक कर, तो खऱ्या तिकिटाच्या माहितीशी जुळतो का पाहा, जुळला तर दार उघड, न जुळला तर उघडू नको. उतारू कोण, त्याची निकड काय, हे दारास ठाऊक नसते.

मोठ्या यंत्रातही याहून निराळे रहस्य नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यामुळे तो येथेच करण्याचे काम तिजवर सोपवले होते. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली "परम ८०००" तयार झाला. त्यातील युक्ती अशी की, एकट्यास न पेलणारे गणित वाटून अनेक लहान गणकयंत्रांकडून एकाच वेळी सोडवून घ्यावयाचे. गावकरी मिळून बांध घालतात, तसेच हे.

हा पाठ केवळ कुतूहलासाठी नाही. समजा, शाळेच्या दाखल्यावर "मीना" आणि शिधापत्रिकेवर "मिना" असे लिहिले गेले. दीर्घ वेलांटीचा क्रमांक २३६८, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. माणूस म्हणेल, ही एकच मुलगी. परंतु जसेच्या तसे जुळवण्याची आज्ञा असलेला संगणक म्हणेल, या दोघी आहेत. मग "संगणकात असेच आले आहे" असे ऐकून साधीभोळी माणसे मान खाली घालून परत येतात. वस्तुतः ते अक्षर कोणा माणसाने लिहिले, आणि जुळवण्याची आज्ञाही माणसानेच दिली. जे माणसाने लिहिले ते माणसास दुरुस्त करता येते. यास्तव आपल्या मुलांनी यंत्रापुढे दबून राहू नये. कागद नीट वाचावा, आणि चूक दिसताच ती सुधारण्यास नम्रपणे परंतु ठामपणे सांगावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न: (१) चार अक्षरांत लघु-गुरूंचे किती प्रकार होतील? (२) वनाजच्या दारास कोणत्या आज्ञा दिल्या आहेत? (३) तुमचे नाव तुमच्या सर्व कागदांवर एकसारखेच लिहिले आहे काय? तिसऱ्याचे उत्तर मुलांनी घरी जाऊन, कागद पाहून आणावे.