डोंगरावरचा बर्फ आधी कुठे वितळतो?

माझे बाबा फौजेत आहेत. ते लडाखला असतात. हिवाळ्यात तिथल्या खिंडी बर्फाने बंद होतात. बाबांच्या चौकीकडचा रस्ता मोकळा झाला, की ते रजेवर येतात. म्हणून आमच्या घरी बर्फाची चौकशी फार असते.

मागच्या रजेत बाबा म्हणाले, "एकाच डोंगराच्या दक्षिण अंगाचा बर्फ लवकर जातो आणि उत्तर अंगाचा मागे राहतो." मला खरं वाटेना. मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "करून बघ."

माघात गावच्या जत्रेला बर्फाच्या गोळ्याची गाडी आली. मी डबाभर किसलेला बर्फ आणला. थोडा धाकट्या भावाने खाल्ला. उरलेल्याचे प्रयोग केले.

१) दिशा : पटांगणात मातीचा ढीग केला. दोन्ही अंगांना एकेक वाटी बर्फ थापला. दक्षिणेकडचा आधी वितळला! हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. लडाख आपल्या उत्तरेला आहे, म्हणून तिथे तो जास्तच कललेला दिसतो. उत्तर उतारावर ऊन कमी पडतं.

२) रंग : दोन ताटल्यांत सारखा बर्फ घेऊन उन्हात ठेवला. एकावर कोळशाची पूड भुरभुरली. त्याचं पाणी आधी झालं. ताजा पांढरा बर्फ १०० पैकी सुमारे ८० भाग ऊन परत फेकतो. काळा रंग ऊन शोषून घेतो. लडाखमधल्या झांस्कर भागात शेतकरी शेतातल्या बर्फावर माती पसरतात. मग बर्फ लवकर जातो व पेरणी वेळेवर होते.

३) जाड थर : तिसरी ताटली भुशाने पुरती झाकली. तिच्यातला बर्फ सगळ्यांत जास्त टिकला. गोळेवाले काका बर्फ भुशात का ठेवतात, ते तेव्हा कळलं. पातळ धूळ बर्फ वितळवते, पण जाड थर त्याला गोधडीसारखा जपतो.

४) उंची : हा प्रयोग मला जमला नाही, बाईंनी समजावलं. १००० मीटर वर गेलं, की हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. म्हणून पायथ्याचा बर्फ आधी जातो, माथ्याचा नंतर. झाडांची सावली, वारा आणि पाऊस यांनीही फरक पडतो.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "बाबांचा रस्ता डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे रे?"

ते मी विचारलंच नव्हतं. आता बाबांचा फोन आला की पहिलं तेच विचारणार आहे.

— इयत्ता चौथी