थॅलॅसेमिया : एका रक्ततपासणीचे मोल

सहा-सात महिन्यांचे मूल पांढुरके पडू लागते, अंगावर पिणे कमी करते, पोट फुगलेले दिसते. कणकवली परिसरातील खेड्यांतून असे मूल रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी घरात बहुधा एक निवाडा होऊन गेलेला असतो. ग्रामदेवतेचा कौल घेतला जातो, गाऱ्हाणे घातले जाते आणि बोट मुलाच्या आईकडे वळते. श्रद्धेविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु आईवरील ठपका शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, हे रुग्णांचे आप्त व आमचे देणगीदार यांच्यासमोर मांडणे आम्ही कर्तव्य मानतो.

हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी घडविण्याची सूचना अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात असते. या जनुकाची एक प्रत आईकडून व दुसरी वडिलांकडून येते. एकच प्रत सदोष असल्यास ती व्यक्ती केवळ वाहक ठरते व सर्वसामान्य आयुष्य जगते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भधारणेत मुलाला थॅलॅसेमिया मेजर होण्याची शक्यता चारांत एक असते. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तिघे सुखरूप, असा हिशेब कुटुंबे मांडतात. तो चुकीचा आहे. दोन्हीकडून सदोष प्रत आल्याखेरीज हा आजार होत नाही, तेव्हा एकट्या आईला दोष देण्यास जागाच उरत नाही. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथे एकाच आजोबा-आजीकडून आलेली प्रत दोहोंकडे असण्याचा संभव वाढतो.

भारतात शंभरांत सुमारे तीन ते चार व्यक्ती या दोषाच्या वाहक आहेत. त्यांच्यातील सौम्य रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा समजून महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात व गुण येत नाही. हिमोग्लोबिन ए-टू या घटकाचे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक आढळल्यास बहुधा निदान होते. तपासणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते.

आजारी मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साठते, म्हणून ते बाहेर काढणारी औषधे नियमित घ्यावी लागतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. पण जुळणारा दाता व खर्च या दोन्ही अडचणी मोठ्या आहेत. आमच्या रक्तदात्यांनी हे ध्यानी घ्यावे, की त्यांची एक पिशवी अशा मुलाला काही आठवडेच पुरते. सायप्रस या छोट्या देशाने 1970च्या दशकापासून वाहक तपासणी व समुपदेशन हाती घेतले आणि तेथे अशी नवी मुले जन्माला येणे जवळजवळ थांबले.

दोघेही वाहक असल्यास गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाच्या वारेचा सूक्ष्म अंश तपासता येतो. ही सोय मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत आहे. 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. (या तपासणीत गर्भाचे लिंग सांगितले जात नाही; कायद्याने तो गुन्हा आहे.) कणकवलीहून मुंबईचा प्रवास, तेथील मुक्काम व अहवालाची प्रतीक्षा यांत दिवस जातात. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच, शक्य तर विवाहापूर्वीच, तपासणी करून घ्यावी. वाहक व्यक्तीच्या प्रत्येक सख्ख्या भावंडातही हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते. त्यांनाही सोबत आणावे.