आधी धुराडं, मग रंग

बाळ,

फोटो मिळाले. एडिसनमधलं 1974 सालचं घर म्हटल्यावर हॉलमध्ये काय असणार, ते फोटो उघडायच्या आधीच ठाऊक होतं. जमिनीपासून छतापर्यंत लाल विटांची भिंत, मधोमध फायरप्लेस, तिला पिवळीधमक पितळी दारं, बाजूला काळपट लाकडी पॅनेलिंग आणि वर लाह्या चिकटवल्यासारखं खरबरीत छत. आमचंही पहिलं घर अगदी असंच होतं. म्हणून रंगाचे डबे आणायला जाण्याआधी हे वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

विटांना हात लावायच्या आधी धुराडं तपासून घे. घर विकत घेताना जो इन्स्पेक्टर आला होता, तो खालून बॅटरी मारून बघून गेला असेल. तेवढ्यावर राहू नकोस. घराचा मालक बदलला की आतून वरपर्यंत कॅमेरा घालून तपासायचं असा इथला नियम आहे, त्याला ‘लेव्हल टू’ म्हणतात. चिमणी साफ करणाऱ्याला हाच शब्द सांग. लाकडाचा धूर वर जाता जाता थंडावतो आणि आत डांबरासारखा थर धरतो. तो थर पेटला की धुराड्यातच आग लागते. आत भाजलेल्या मातीच्या नळ्यांचं अस्तर असतं, त्याला तडा गेला असेल तर धग भिंतीतल्या लाकडापर्यंत जाते. आणि छपरावरचा चिमणीचा माथा नीट बघायला सांग.

माथ्याचं मुद्दाम सांगतो, कारण तिथेच आम्ही फसलो. घरात आल्या आल्या मी आणि तुझ्या मामीने एका शनिवार-रविवारात सगळ्या विटा पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवल्या. खोली एकदम उजळली. दुसऱ्या वसंतात खालच्या चार ओळींवर फोड आले. फोड नखाने उचलला तर मागे वीट ओली, आणि तिच्यावर मिठासारखी पांढरी भुकटी. माथ्याच्या काँक्रीटला भेग होती, पाणी तिथून उतरत होतं, आणि मी रंगाचं कातडं ओढल्यामुळे विटेला सुकायला वावच राहिला नव्हता. तो रंग मी दोन उन्हाळे तारेच्या ब्रशने खरवडला. विटेच्या छिद्रांत बसलेला मात्र शेवटपर्यंत निघाला नाही.

म्हणून विटा उजळायच्याच असतील तर चुना लाव. इथे त्याला लाइमवॉश म्हणतात आणि छान डब्यांतून विकतात, पण वस्तू आपलीच. दिवाळीआधी आमच्या अंगणात पिंपात चुनकळी भिजायची, खदखदायची, आम्हा पोरांना लांब उभं करायचे. मग चिमूटभर नीळ टाकून कुंच्याने भिंतींवर हात फिरायचा. चुना विटेत मुरतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू दगडासारखा होतो, आणि ओल आत कोंडत नाही. आधी विटेवर पाण्याचे थेंब टाकून बघ. थेंब शोषले गेले तर वीट कोरी आहे. तसेच मोत्यासारखे उभे राहिले तर तिला कुणीतरी सीलर लावलाय, त्यावर चुना धरणार नाही. काजळी घासून काढ, वीट ओली करून घे, आणि पातळ हात दे. ओला असताना तो जवळजवळ दिसतच नाही, सुकला की पांढरा होतो. म्हणून घाईने दुसरा हात चढवू नकोस, रात्रभर थांब. जास्त वाटला तर ओल्या फडक्याने पुसून विटेचा लालपणा थोडा डोकावू दे, तो फार देखणा दिसतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळ्यांत गेला तर भाजतो. जिथे जाळ होतो त्या आतल्या विटांना मात्र काहीही लावायचं नाही.

फायरप्लेसच्या वर लावायला तू निवडलेली ती जाड लाकडी फळी मलाही आवडली. पण फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकडाचं काहीही नको. 6 ते 12 इंचांच्या पट्ट्यात लाकूड आलं, तर अंतराच्या दर इंचामागे ते फक्त अष्टमांश इंच पुढे आलेलं चालतं, म्हणजे 8 इंचांवर जेमतेम एक इंच. तुझी फळी चांगली हातभर पुढे येणार, तेव्हा ती 12 इंचांच्या वरच जाऊ दे, आणि टाउनशिपचा नियम याहून कडक आहे का ते विचारून घे. समोरचा ओटाही कापून लहान करू नकोस. तोंड 6 चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर पुढे निदान 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8 इंच फरशी लागते. मोठं असेल तर 20 आणि 12.

टीव्ही त्या फळीच्या वर लावायचा जावईबापूंचा बेत आहे म्हणे. माझं मत स्पष्ट आहे: नको. धग वर जाते आणि मान अवघडते. बाजूच्या भिंतीवर लावा, सोफा दोन्हींकडे तिरका ठेवा.

पितळी दारं फेकू नकोस. काढून अंगणात ने, पॉलिश पेपर मार, तेलकटपणा पुसून स्टोव्हसाठी मिळणारा उष्णता सोसणारा काळा स्प्रे मार. एका डब्यात खोलीचं वय वीस वर्षांनी कमी होतं.

पॅनेलिंगला आधी डाग अडवणारा प्रायमर, नाहीतर गाठी पिवळ्या होऊन वर येतात. छत मात्र खरवडू नकोस. त्या काळच्या छतांत ॲसबेस्टॉस असू शकतं, नमुना प्रयोगशाळेत पाठव. 1978 च्या आधीचं घर, म्हणून जुन्या रंगाचीही शिशासाठी तपासणी कर.

आणि तो ओटा. आमच्याकडे गणपती त्यावरच बसायचा, मागे विटा, दोन बाजूंना समया. तुझ्याही ओट्याची उंची अगदी चौरंगाएवढी दिसते. नवी टाइल घेताना तेलाचा डाग सहज पुसला जाईल अशी घे.

चिमणीवाला येईल त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल लाव. तो कॅमेरा आत सोडतो ना, ते चित्र मलाही बघायचंय.

तुझा मामा