पक्केचे अरण्य, धनेश आणि न्यीशी लोक

कर्कवृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेतीन अंशांवर, हिमालयाच्या पायथ्याशी, उष्ण कटिबंधीय अरण्य आढळावे ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु वनाचा प्रकार केवळ अक्षांशावरून ठरत नाही. अरुणाचल प्रदेशातील पक्के हा सुमारे ८६२ चौरस किलोमीटरांचा प्रदेश आसामच्या सखल मैदानास लागून आहे. उत्तरेकडील थंड वारे पर्वतराजी अडवून धरते आणि पाऊस वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पडतो. या दोन कारणांमुळे येथे उष्ण कटिबंधीय निमसदाहरित वन वाढले आहे. १९७७ साली या अरण्यास संरक्षण मिळाले व २००२ साली ते व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. वाघ, हत्ती आणि गवा येथे आहेत. तथापि ते प्रवाशास दिसतीलच असे नाही. धनेश मात्र बहुधा दिसतो, आणि दिसण्यापूर्वी ऐकू येतो.

महाधनेशाच्या उडण्याचा आवाज दूरवर पोहोचतो. त्याच्या पंखांतील मोठ्या पिसांची मुळे आच्छादक पिसांनी पुरती झाकलेली नसतात, त्यामुळे प्रत्येक फडफडीबरोबर त्यांमधून हवा सुसाटत निघते. चोचीवरील शिरस्त्राणासारख्या उंचवट्याचा पिवळा रंगही काही अंशी लावलेला असतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल पक्षी स्वतःच चोचीस व पिसांस फाशीत असतो.

या पक्ष्याची विणीची रीत विलक्षण आहे. मादी उंच वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व अन्नाचे अवशेष यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. केवळ चोच बाहेर निघेल एवढी फट राहते. अंडी बहुधा एक किंवा दोन असतात. आत असताना मादीची उडण्याची पिसे गळून पडतात, म्हणजे तिला इच्छा असूनही बाहेर पडून उडता येणार नाही. तिचे व पिल्लाचे पोषण नराने आणलेल्या फळांवर चालते. त्यांत उंबर-वडाच्या जातीच्या फळांचा वाटा मोठा असतो. या काळात नर मारला गेला, तर एका गोळीने संपूर्ण कुटुंबाचा नाश ओढवू शकतो. अरण्याचेही नुकसान होते, कारण रानजायफळासारख्या मोठ्या बियांची फळे अखंड गिळून त्या बिया दूर नेऊन टाकणारे पक्षी फार थोडे आहेत.

धनेशास स्वतः ढोली कोरता येत नाही. पक्केमध्ये त्याची बरीच घरटी भेलू नावाच्या उंच, मऊ लाकडाच्या वृक्षात सापडतात. असा वृक्ष म्हातारा होऊन त्यास योग्य ढोली पडावयास अनेक वर्षे लागतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी घातली. तरी शेजारच्या पापुम राखीव वनातील चोरटी तोड त्यानंतरही थांबली नाही.

या वनाच्या कडेच्या गावांतून न्यीशी लोक राहतात. सूर्य व चंद्र यांना ते पूज्य मानतात, आणि त्यांची लांबलचक घरे बांबूच्या खांबांवर उभारलेली असतात. पुरुषाच्या वेताच्या टोपीवर धनेशाची चोच बसविण्याची त्यांची जुनी चाल आहे. ती चोच मानाची खूण असते. साहजिकच, तिच्यासाठी पक्षी मारले जात. बाहेरून आलेल्या मनुष्यास ही चाल टाकून द्यावी असे सांगणे सोपे होते. टोपीवाचून सणाला जावयाचे कसे, हा प्रश्न न्यीशी माणसाचा होता. पुढे काचतंतूंच्या व लाकडाच्या चोचींचा प्रचार झाला. टोपी राहिली, मान राहिला. ही तोड कोणत्याही उपदेशापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागेल.

गावप्रमुखांची ‘घोरा आभे’ नावाची मंडळी, वन विभाग आणि संशोधक यांनी मिळून राखीव वनातील घरट्यांच्या राखणीची एक योजना २०११–१२ च्या सुमारास सुरू केली. शहरांतील लोक एकेका घरट्यासाठी पैसे देतात व त्यांतून गावच्या राखणदारांना वेतन मिळते. या राखणदारांपैकी काहींनी पूर्वी शिकार केलेली आहे. रानातली ती जाण आता घरटी शोधण्याच्या कामी येते. २०१५ पासून सेजोसा येथे भरू लागलेल्या उत्सवाच्या नावातील ‘पागा’ हा महाधनेशाचा न्यीशी शब्द होय.

सेजोसा येथे आसामातील तेजपूरमार्गे जाता येते. अरुणाचलात प्रवेश करण्यासाठी बाहेरील भारतीयास ‘इनर लाइन’चा परवाना घ्यावा लागतो, या नियमाचे मूळ १८७३ च्या कायद्यात आहे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ प्रवासास सोयीचा. मार्चपासून विणीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा घरट्याखाली गर्दी करू नये. माणूस जवळ उभा दिसल्यास नर फळे घेऊन दूरच्या फांदीवर थांबून राहतो, आणि तेवढा वेळ आतील जिवांना उपाशी राहावे लागते. गावातील टोपी किंवा घर यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी धन्याची परवानगी विचारावी.

हिवाळ्यात मात्र प्रवाशास दुसरे एक दृश्य मोकळेपणाने पाहता येते. संध्याकाळी पक्के नदीच्या काठी, गवताळ मैदानातील वृक्षांवर, चोचीच्या मुळाशी वळ्या असलेल्या जातीचे धनेश थव्याथव्यांनी मुक्कामास उतरतात. नदीच्या पात्रातून ते उजेड मावळेपर्यंत दिसत राहतात. नंतर पंखांचा आवाज तेवढा येत राहतो.