कारखान्याची मोळी पडायच्या आधी ट्रॅक्टरची पुढची चाकं हलवून बघा



आजचा मेसेज खताचा नाही आणि फवारणीचाही नाही. गाळप तोंडावर आलंय, आपल्यातले बरेच ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लागतील. बिजवडीला जा नाहीतर भवानीनगरला, भरलेली ट्रॉली मागं आणि अंधारात सोलापूर हायवेची रहदारी, हे ठरलेलंच. अशा वेळी स्टेअरिंग सैल असेल तर 'चालतंय की' म्हणून चालत नाही. मी पिकाचा माणूस, मेकॅनिक नाही. पण आमच्या वडिलांनी एका गॅरेजात स्टेअरिंग बॉक्स खोलून घेतला, पैसे गेले, आणि ढिलेपणा तसाच राहिला. शेवटी निघालं काय, तर टाय रॉडचा बॉल झिजलेला. तेव्हापासून आधी घरी तपासायचं, मग गॅरेज गाठायचं.

*आधी टायरची हवा बघा.* दोन्ही पुढच्या चाकांत सारखी नसेल तर गाडी एका बाजूला ओढते आणि आपल्याला वाटतं स्टेअरिंग बिघडलं.

*मग चाक उचला.* ट्रॉली सोडा, सपाट कठीण जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा. जॅक लावून एक पुढचं चाक जमिनीवरून सुटेल इतकंच उचला आणि एक्सलखाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, हे घरातल्या पोरांनाही सांगा.

आता चाक वर-खाली धरा, म्हणजे एक हात घड्याळाच्या बाराच्या जागी, दुसरा सहाच्या. आत-बाहेर हलवा. खडखड वाजलं तर हलतंय नक्की काय ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. हब हलतोय पण त्याच्यामागचा स्टब एक्सल जागेवर आहे, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. स्टब एक्सलसकट सगळं हलतंय, तर किंगपिन आणि बुश झिजलेत. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळं अख्खा एक्सलच पुढं-मागं सरकत असेल तर मधली पिन बघा. पिकअप किंवा जीप असेल तर सोपी युक्ती आहे. एकानं ब्रेक दाबून धरायचा. खडखड बंद झाली तर बेअरिंग, चालूच राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. साध्या टू-व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतात, तिथं डोळ्यांनीच बघावं लागतं.

नंतर हात तीन आणि नऊच्या जागी. वर-खाली हललं नाही पण इथं आडवं हललं, तर टाय रॉडचे बॉल, ड्रॅग लिंक किंवा स्टेअरिंग बॉक्स. कुठलं ते शोधायला चाकं जमिनीवर टेका. एकानं सीटवर बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून एकेक जोड बघायचा. रॉड हलला पण पुढचा आर्म उशिरा हलला, तर तो बॉल गेला. स्टेअरिंग फिरतंय आणि बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्मच उशिरा हलतोय, तरच बॉक्सकडं बोट दाखवा. बॉक्स महाग, बॉल स्वस्त, म्हणून हा क्रम. पॉवर स्टेअरिंग असेल तर ही तपासणी इंजिन चालू ठेवून करावी लागते, तेव्हा न्यूट्रल पक्कं करा आणि हात, कपडे सांभाळा. पॉवर स्टेअरिंगच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत स्टेअरिंग आणि चाक यांच्यात फक्त तेल असतं. तिथं तेलाची पातळी, पाइपची गळती आणि सिलिंडरच्या पिना बघा.

बेअरिंगचा ढिलेपणा नुसता नट आवळून घालवू नका. टोपी काढून ग्रीस बघा. आपल्याकडं उजनीच्या पाण्याकडेला मोटारी बसवायला, काढायला ट्रॅक्टर पार पळसनाथाच्या देवळाच्या बाजूला गाळात जातात. हबमध्ये पाणी शिरलं की ग्रीस दुधाळ किंवा गंजासारखं तांबूस होतं. तसं दिसलं तर बेअरिंग काढून धुवा, खड्डे पडले असतील तर बाहेरच्या कपासकट बदला, सीलही नवं टाका. बसवताना चाक फिरवत फिरवत नट जड होईपर्यंत आवळायचा, मग थोडा मागं घेऊन पिनेच्या खाचेवर आणायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जाम होतं, हे सैल असण्यापेक्षा वाईट. कॉटर पिन नवीच. जुनी वाकवून परत घालणारे मी पाहिलेत, दहा-वीस रुपयांसाठी!

सगळं घट्ट आहे, तरी ट्रॉली जोडल्यावर स्टेअरिंग हातात 'तरंगतं', असं काही जण सांगतात. तो सैलपणा नव्हे. मागं भार जास्त झाला किंवा ट्रॉली उंच हुकाला जोडली की पुढची चाकं हलकी होतात, वळवली तरी सरळ घसरतात. इथं मेकॅनिक काही करू शकत नाही. भार कमी करा, खालचा हुक वापरा, पुढं वजनं लावा.

टाय रॉडचा बॉल बदलला तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. टायरच्या कडा करवतीसारख्या झिजत असतील तर ते आधीच बिघडलंय असं समजा.

येत्या रविवारी सकाळी आठ ते अकरा कंपनीच्या गोडाऊनसमोर जॅक, ठोकळे आणि ग्रीस गन ठेवतोय. ट्रॉली घरी ठेवून ट्रॅक्टर घेऊन या, सोबत एक माणूस आणा. ऊस तोडणीच्या पाण्याचा मेसेज उद्या.