नानखटाईतून अंकशिक्षण

केवळ पाठांतराने बालकास अंकांचा बोध होत नाही. वस्तू हाताळल्यानेच तो दृढ होतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे परिसरातील साध्या साधनांतून बालशिक्षण घडविले. घरची नानखटाई हेही असेच साधन होय.

२ वाट्या मैदा, १ वाटी पिठीसाखर व १ वाटी तूप ही मापे बालकानेच भरावीत. गोळे वळून ताटात ४-४ च्या ४ ओळी मांडाव्यात; १६ ही संख्या त्यास प्रत्यक्ष दिसते. एखाद्या ओळीत गोळा कमी पडल्यास उणीव त्यालाच शोधू द्यावी. भाजण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. अखेरीस बालकाने नानखटाया घरात सारख्या वाटाव्यात. भागाकाराचा पहिला धडा तो हाच.